चारपट दुर्बीण आणि माडावरचा डबा

बंदुकीच्या दुकानात मी उभं आयुष्य काढलं, पण आजतागायत एका कावळ्यावरही नेम धरलेला नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारा निवृत्तीनंतर पुण्य जोडायला लागला. तसं नाही. आमचे शेठ हसमुखभाई कांदा-लसूणसुद्धा न खाणारे, डास चावला तर फुंकर मारून उडवणारे. त्यांच्या हाताखाली मी, बौद्ध घरातला, प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. अलिबागच्या बाजारपेठेतलं ते दुकान आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं चालवलं आणि दोघांपैकी एकालाही गोळीचा आवाज आवडत नव्हता.

माझ्या वडिलांना, अण्णांना, ही नोकरी कधीच पटली नाही. मी कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि वर्गात शिकवावं तसं सांगितलं, “बुद्धानं उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितलेत. त्यातला पहिला शस्त्रांचा.” एवढं बोलून ते उठले. भांडले नाहीत, रागावले नाहीत. दुसरी नोकरी मिळत नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. पण तेव्हापासून दुकानातून घरात आलेली खायची वस्तू त्यांनी तोंडात घातली नाही. दसऱ्याला शेठ शस्त्रपूजा करत आणि मला पेढ्यांचा पुडा देत. त्याच दिवशी आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. अण्णा पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जात, घरी येऊन खीर खात, आणि शेजारी ठेवलेल्या पेढ्यांकडे ढुंकूनही बघत नसत. “माझ्या पगाराचं तरी कसं चालतं मग?” असं मी एकदा चिडून विचारलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “मी माझ्या पेन्शनीत जेवतो.”

संध्याकाळी मी घरी आलो की त्यांचा प्रश्न ठरलेला असे.

“आज काय विकलंस?”

“एक ब्रश, तेलाची बाटली आणि खांद्याचा पट्टा.”

“बंदूक?”

“नाही.”

“बरं.”

आणि मी खोटं बोलत नव्हतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, बंदुकीच्या दुकानात धडाधड बंदुका खपत असतील. अहो, परवाना मिळवता मिळवता माणसाची हौस फिटते. आमचं खरं काम म्हणजे जुन्या बंदुकांची डागडुजी. शेतीच्या राखणीसाठी आजोबांनी घेतलेली बंदूक नातू घेऊन येतो, ती उघडावी तर आत कोळ्याचं जाळं. खाऱ्या हवेत लोखंड दर पावसाळ्यात आजारी पडतं, त्याला आम्ही बरं करायचं. निवडणूक लागली की परवानेवाले बंदुका जमा करायला येत, आणि महिनाभर दुकानाची धर्मशाळा व्हायची. बाकी विक्री म्हणाल तर छऱ्याच्या बंदुका, म्हणजे एअरगन, आणि त्यांच्यावर बसवायच्या दुर्बिणी.

दुर्बिणींवर माझा जीव होता. काच पुसायला, स्क्रू बसवायला, नेम जुळवायला शेठ दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, आणि मीही नसतो लावू दिला.

दुर्बीण घ्यायला येणाऱ्यांत एक जात कुजबुजणाऱ्यांची. काउंटरवर ओणवं होऊन हळूच म्हणायचे, “शिकारीसाठी पायजे.” शिकारीला बंदी येऊन जमाना झाला. मी मोठ्यानं विचारायचो, “कशासाठी म्हणालात?” एवढ्यानंच अर्धे पळत. उरलेल्यांना मी फॉरेस्ट ऑफिसचा रस्ता समजावून सांगे, चौकातून डावीकडे. शेठ आतून गुजरातीत ओरडत, “जाधवभाई, घराक शा माटे भगाडो छो?”, गिऱ्हाइकं कशाला पळवता म्हणून, पण गालात हसतही असत.

दुसरी जात ‘जवळ दिसतं का’वाल्यांची. ही फार मोठी. दुकानासमोर रस्त्यापलीकडे एका घराच्या आवारात माड होता. जो तो दुर्बीण हातात घेऊन त्या माडाकडे बघे, आणि ज्यातून नारळ सगळ्यात मोठा दिसेल ती दुर्बीण चांगली म्हणून मोकळा होई. मी कपाळावर हात मारून घेत असे. अहो, जितकं मोठं दिसतं तितकंच थोडं दिसतं. बारापट दुर्बिणीतून नारळाची शेंडी दिसेल, पण ती कुठल्या माडावरची हे कळायला डोळा काढून पुन्हा बघावं लागेल. शिवाय हात जेवढा थरथरतो तेवढी ती थरथरही बारापट दिसते. मोठी दुर्बीण जड असते. ती बंदुकीवर चढवून दहा मिनिटं वर बघत उभं राहा, मग मान आणि खांदा मिळून काय ते सांगतील. चांगली दुर्बीण म्हणजे जी बसवल्यावर आहे हे विसरायला होतं. हलकी, कमी पटीची, आणि जवळच्या अंतरावर स्वच्छ दिसणारी. अशी दुर्बीण बहुतेक वेळा स्वस्तही असते, आणि म्हणूनच दुकानदार ती सगळ्यात शेवटी दाखवतो.

किहीमला बंगला असलेले एक साहेब होते. परदेशातून भारी दुर्बीण घेऊन आले, खोकं पाहूनच शेठ उभे राहिले. म्हणाले, ही माझ्या एअरगनवर चढवा, वाडीत डबे उडवायचे आहेत. मी हात जोडले. एअरगनमध्ये जाड स्प्रिंग असते. घोडा ओढला की बंदूक आधी मागे दणका देते आणि लगेच पुढेही देते. मोठ्या रायफलीचा दणका मागचा, भारी दुर्बिणी तेवढाच सोसायला बनवलेल्या असतात. पुढच्या दणक्याची त्यांना सवय नसते. साहेब म्हणाले, “अहो, ही हत्तीच्या बंदुकीवर चालते.” मी म्हटलं, “हत्तीवर चालेल, पण हिच्यावर नाही.” ऐकलं नाही. पुढच्याच शनिवारी आले, दुर्बीण कानाशी हलवत. आत काहीतरी खुळखुळत होतं. नाव मोठं लक्षण खोटं असं मी मनात म्हटलं, तोंडावर चहा विचारला.

आणि एक तांडेल होता, होडीचा मालक. त्यानं दुर्बीण घेतली, बंदूक नाही. मी विचारलं, “कशावर बसवणार?” म्हणाला, “बसवाची न्हाय. बायकोला पायजे.” त्याची बायको मासळीबाजारातली तयारीची बाई. किनाऱ्यावर उभी राहून ती परतणाऱ्या होड्या बघायची. कुठली पाण्यात खोल बसलीय, कुठली वर तरंगतेय, यावरून कोणाला किती मासळी लागली ते ओळखायची आणि लिलाव सुरू व्हायच्या आत भाव ठरवून बसायची. बंदुकीची दुर्बीण इतक्या अकलेनं वापरलेली मी दुसरी पाहिली नाही. त्या संध्याकाळी अण्णांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदा दुकानाच्या गोष्टीवर हसले. पण तांडेलानं पाठवलेल्या पापलेटांना मात्र त्यांनी हात लावला नाही.

आता ज्या बाईंसाठी मी हे लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो.

माझ्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. एका दुपारी साठी ओलांडलेल्या एक बाई काखेत लांबलचक गुंडाळी घेऊन दुकानात शिरल्या. जुन्या लुगड्यात बांधलेली, वर सुंभ. गुंडाळी काउंटरवर आडवी ठेवली आणि पाणी मागितलं. दिवेआगरहून आल्या होत्या, दिघीला लाँच पकडून, पुढे एसटीनं. म्हणाल्या, “लाँचवाला इचारतो, मावशी, गोधडीत काय हाय? म्या सांगितला, मुसळ हाय. बंदूक म्हटली असती तर पोरानी उघडाया लावली असती.”

लुगडं सोडलं तर आत जुनी एअरगन. त्यांच्या यजमानांची, ते जाऊन काही वर्षं झालेली. बाईंचं नाव इंदूताई. त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांची समुद्राला लागून नारळाची वाडी. मोठं वादळ आलं त्यात सगळ्या पोफळी झोपल्या आणि निम्म्याच्या वर माड मोडले. जे उभे राहिले त्यांनीही वादळाचा असा धसका घेतला की दोन-तीन वर्षं धड नारळ धरला नाही. यंदा पहिल्यांदा माड पुन्हा लगडले. आणि माकडं आली. वादळानं त्यांचंही रान मोडलं होतं, त्यांनी तरी जावं कुठं? पण माकड नारळ खातं थोडा आणि फेकतं फार. कोवळं फळ पिरगाळून तोडायचं, एक चावा घ्यायचा, टाकायचं, की दुसरं.

“माझा पोरगा न्हावा शेव्याला कामाला हाय, प्रशांत,” इंदूताई म्हणाल्या. “गुणाचा हाय वो. माझी काळजी करतो. म्हणतो, आई, तू एकटी, वाडीत काय उरलं न्हाय, गिऱ्हाईक आलाय, इकून टाकू नि तू माझ्याकडं चल. म्या म्हटला, यंदाची पाडणी होऊ दे. नारळ हाताला लागले तर वाडी राहील. न्हाय लागले तर तू म्हणशील तिथं सही करीन.”

पाडणी म्हणजे माडावरून तयार नारळ उतरवणं. तिला अजून काही आठवडे होते. तेवढ्या आठवड्यांत माकडं आणि नारळ यांच्यामध्ये उभ्या होत्या एकट्या इंदूताई.

मी म्हटलं, “ताई, दुर्बीण देतो. पण माकडावर मारायची नाही. कायदा आहे, आणि दुकानाचाही नियम आहे.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो. “माकडावर? आमच्या वाडीच्या कोपऱ्यात मारुती हाय, दर शनवारी म्या दिवा लावते. मला लागाया नको हाय, दादा. मला चुकाया पायजे. पण ठरवून चुकाया पायजे.”

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. आमच्याकडे वाडीत माडाला पत्र्याचा डबा टांगतात. डब्यात दगड, आणि डब्याची दोरी थेट ओटीवर. माकडं आली की दोरी ओढायची, डबा खडखडतो, माकडं पळतात. ही जुनी रीत. पण हल्लीची माकडं हुशार. दोरी हलली की ती आधी दोरीकडे बघतात, मग दोरीच्या टोकाला बसलेल्या म्हातारीकडे, आणि खात राहतात. इंदूताईंनी एकदा रागानं यजमानांची बंदूक काढून डब्यावर छर्रा मारला. लागला. दोरी न हलता डबा कडाडला आणि माकडांची पळता भुई थोडी झाली. पण तो छर्रा लागला तो नशिबानं. नंतर एकही लागेना. मोतीबिंदू काढल्यापासून चष्म्यातून बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, दिसली तर डबा पुसट, आणि डबा दिसला तर माशी गायब.

हे दुःख मला पाठ होतं. साध्या नेमाला डोळ्यानं मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य या तीन गोष्टी एकदम बघायच्या असतात. तरुण डोळा ते करतो, म्हातारा डोळा एकच काहीतरी बघतो. दुर्बिणीत नेमाची फुली आणि लक्ष्य एकाच काचेवर दिसतात. लोकांना वाटतं दुर्बीण लांबचं बघायला असते. माझं म्हणणं, ती म्हाताऱ्यांसाठी असते.

शेठ बाहेर आले. त्यांनी नऊपट, जाडजूड, चमकणारी एक काढून ठेवली. इंदूताईंनी ती उचलून बघितली आणि खाली ठेवली. “पाट्याच्या वरवंट्यागत हाय. हलकी द्या, नि परवडल अशी द्या.”

मी खालच्या खणातून चारपटीची काढली. बारीक, काळी, वजनाला फुलासारखी, आणि एअरगनचे दोन्ही दणके सोसणारी. त्यांनी ती डोळ्याला लावून रस्त्यापलीकडच्या माडाकडे पाहिलं. मी वाट बघत होतो, आता म्हणतील ‘जवळ दिसतं का’. त्या म्हणाल्या, “चार नारळ नि दोन कोवळी बोंडं एकदम दिसत्यात. ही द्या.”

मला काय वाटलं ते सांगू? त्या बाईंना नमस्कार करावासा वाटला.

दुर्बीण बसवून दिली, दुकानामागच्या भिंतीवर करवंटी टांगून नेम जुळवून दिला. डब्याच्या मागे काय आहे ते विचारून घेतलं. समुद्र आहे म्हणाल्या. वर मारताना छर्रा थोडा वर जातो, म्हणून फुली डब्याच्या खालच्या कडेला धरायची, हे दोनदा सांगितलं. नळी मोडून, म्हणजे जोर लावून खाली वाकवून, छर्रा भरणं त्यांना मला शिकवावं लागलं नाही. पाट्यावर वाटण घालून घालून हातात अजून ताकद होती.

त्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं, “आज काय विकलंस?”

“चुकायची दुर्बीण,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई काय करते ते बघू.” एवढंच. माझ्या विक्रीवर त्यांनी ‘बरं’शिवाय काही बोलण्याची ती पहिलीच वेळ.

दिवस गेले. पाडणी तोंडावर आली असेल असं मी मनात धरून होतो, तोच दुकानात फोन.

“जाधवदादा, बंदूक पेटली!”

मी खुर्चीवरून उठलोच. “तुम्हाला लागलं का ताई?”

“न्हाय वो. पण बार काढला की धूर येतो. फटाक्यागत आवाज येतो. नि वास…” त्या थबकल्या. “वास खोबरा तळल्यागत येतो.”

मी हळूच विचारलं, “ताई, बंदुकीला तेल कसलं लावलंत?”

“खोबरेल,” त्या म्हणाल्या, जगात दुसरं तेल असतं हे माहीत नसल्यासारख्या. “खाऱ्या वाऱ्यानी गंज चढत होता. घाण्याचा ताजा तेल हाय, वाटीभर वतला आतमंदी. पोराच्या टाळूवर घालतो त्यो तेल. बंदुकीला काय वाईट करील?”

मी हसू दाबायला रिसीव्हर लांब धरला. एअरगनमध्ये स्प्रिंग हवा इतकी जोरात दाबते की ती तापते, आणि तेलाचा थेंब तिथं असला की भडका उडतो. पेट्रोल पंपावर विडी पेटवण्यातला प्रकार. हे पाप कोणी ग्रीसनं केलं असतं, कोणी मशीनच्या तेलानं. खोबरेल तेलात बंदूक तळून काढणारं माणूस फक्त आमच्या किनाऱ्यावरच निघायचं.

पण पुढचं ऐकून हसू गेलं. नेम पार बिघडला होता. डबा लागत नव्हता. त्या फटाक्यासारख्या आवाजानं माकडं पहिल्या दिवशी पळाली, दुसऱ्या दिवशी थांबली, तिसऱ्या दिवशी आवाज झाला की इकडेतिकडे बघून पुन्हा खायला लागली. दोन माड त्यांनी रिकामे केले होते. आणि रविवारी प्रशांत येणार होता, गिऱ्हाइकाला घेऊन.

“त्याला काय दावू?” इंदूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. “खाली पडलेली बोंडं दावू?”

शेठना मी विचारलं नाही, सांगितलं. रविवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन दिवेआगरला निघालो.

वाडीत मोडलेल्या माडांचे बुंधे अजून जागोजाग उभे होते, आणि मधे मधे जगलेले उंच माड. त्यांच्या पायथ्याशी कोवळी फळं विखुरलेली, प्रत्येकावर एक चावा. इंदूताईंनी ती गोळा केली नव्हती. म्हणाल्या, लपवून काय उपेग.

ओटीवर बसून मी बंदूक उघडली. नळी, हवेची खोली, सगळं चिंध्यांनी पुसून काढलं, चिंध्यांना मोदकाच्या सारणाचा वास येत होता. दुर्बिणीच्या काचेवरही बाईंनी तेलाचं बोट फिरवलं होतं, दोन्हीकडून. ती पुसली. त्या भडक्यांच्या हादऱ्यांनी दुर्बिणीचे स्क्रू ढिले होऊन ती मागे सरकली होती, नेम बिघडायचं खरं कारण ते. चारपट बिचारी आतून शाबूत होती. तिचं मला इतकं कौतुक वाटलं की विचारू नका. नेम जुळवला, उरलेलं तेल जळून धूर थांबेपर्यंत वाळूच्या बांधात छर्रे मारले. आयुष्यात इतके बार मी एकाच दिवशी कधी काढले नव्हते.

तेवढ्यात प्रशांत आला. सोबत गाडीतून उतरलेले एक गृहस्थ, हॉटेल काढायचा विचार असलेले. प्रशांत भला मुलगा, मला बघून ओशाळला. “काका, तुम्ही एवढ्या लांबून आलात? आईला मी सांगतोय, या वयात बंदूक घेऊन बसायचं वय आहे का?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. वादळाच्या रात्री तो तिकडे अडकलेला आणि आई इथे एकटी, हे त्याच्या मनातून गेलं नव्हतं. त्यानंच मला ते सांगितलं.

आणि माकडं आली. पलीकडच्या कुंपणावरून, पत्र्यांवरून, सवयीनं, आपल्याच घरी आल्यासारखी. सात-आठ जणं दोन माडांवर चढली. आम्ही ओटीवर गप्प बसलो. पाहुणे गृहस्थ फोन काढून फोटो घेऊ लागले.

इंदूताई खांबाला टेकल्या, बंदूक खांद्याला लावली, डोळा दुर्बिणीला. मी शेजारी उभा. डबा माडाच्या गळ्याशी टांगलेला, वाऱ्यानं किंचित हलत होता. त्यांचं बोट घोड्यावर गेलं. मग थांबलं.

मी डोळे बारीक केले. एक माकडीण डब्याच्या पुढ्यात येऊन बसली होती. पोटाशी पिल्लू.

वरून एक नारळ पडला. धप्. मग दुसरा. दोन्ही तयारीचे, पाडणीचे. प्रशांतनं श्वास ओढला. “आई, मार ना! डब्याला मार, ती पळेल.”

“डबा न्हाय दिसत,” इंदूताई डोळा न काढता म्हणाल्या. “तिचा तोंड दिसतंय.”

तिसरा पडला. पाहुणे गृहस्थ हळूच म्हणाले, नुसता छर्रा आहे, पाठीला लागला तर काय होतंय. इंदूताईंनी ऐकलंही नाही असं केलं. ती वाडी जाईल की राहील ते त्या तीन-चार नारळांवर थोडंच ठरणार होतं, पण त्या क्षणी मला तसंच वाटत होतं. आणि तरीही त्यांनी घोडा ओढू नये असं मला मनापासून वाटत होतं. आयुष्यभर बंदुका हाताळून एवढं मी कधीच कोणाकडे मागितलं नव्हतं.

“बघ,” इंदूताई पुटपुटल्या, प्रशांतला की मला कोण जाणे. “पोराला कशी धरलीय. वादळात ही पण कुठं तरी अशीच धरून बसली असल.”

माकडिणीनं पिल्लाला खाजवलं, झावळीवर सरकली, आणि डबा मोकळा झाला. टण्ण! दोरी हलली नाही, माणूस हललं नाही, आणि माडाच्या गळ्यातून आवाज फुटला. माकडं एकदम ताठ झाली, एकमेकांकडे बघितलं, आणि जी सुटली ती कुंपणापलीकडच्या केवड्यात दिसेनाशी झाली. पिल्लू आईच्या पोटाला घट्ट चिकटलेलं मी शेवटपर्यंत पाहिलं. दुर्बीण नव्हती तरी मला दिसलं.

इंदूताईंनी बंदूक खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. “दुर्बिणीनं डोळ्यात पानी येतंय,” म्हणाल्या.

पाहुणे गृहस्थ जरा वेळानं घड्याळ बघून निघाले. प्रशांत त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला, तिथं काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. परत आला तो पायातले बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. माडांच्या खालून वर बघत एक फेरी मारली. मग ओटीपाशी येऊन आईला विचारलं, “आपल्याकडे आणखी पत्र्याचे डबे आहेत का? एकाच माडावर एक डबा म्हणजे काय, त्यांना तो पण पाठ होईल. चार-पाच ठिकाणी टांगायला पाहिजेत.”

“हायत की,” इंदूताई म्हणाल्या. “कणगीच्या मागं हायत.” आणि डबे आणायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत एक नारळ घातला. त्याच पडलेल्यांपैकी, माकडिणीनं पाडलेला, तयारीचा. मी नको नको म्हटलं तर म्हणाल्या, “ह्यो तिनंच तुमच्यासाठी पाडलाय.”

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा नेहमीच्या जागी, खिडकीपाशी. नव्वदीकडे झुकलेले, दात गेलेले, कान मात्र तिखट. बुद्धाच्या फोटोपुढची मेणबत्ती नुकतीच लावलेली.

“आज काय विकलंस?”

“आज काही विकलं नाही, अण्णा. रविवार होता. दिवेआगरला जाऊन आलो.” आणि मी सगळं सांगितलं. खोबरेल तेल, डबा, पिल्लू, पडणारे नारळ, ताईंचं थांबलेलं बोट. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मी पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. मला ठाऊक होतं, तो तिथंच राहणार. इतकी वर्षं पेढे राहिले, पापलेट राहिले.

अण्णांनी हात लांब करून नारळ चाचपला. शेंडी धरून कानाशी हलवला, पाणी आहे का बघितलं.

“फोड,” म्हणाले.

मी उभाच राहिलो.

“फोड रे. आणि सूनबाईला सांग, बारीक खवून दे. मला चावत नाही.”

माझ्या बायकोनं वाटीत खोबरं खवून आणलं, वर चिमूटभर गूळ. अण्णांनी ते सावकाश, हिरड्यांनी चघळत, एक कणही न सांडता खाल्लं. मी समोर बसून बघत होतो. मग त्यांनी रिकामी वाटी पुन्हा भरायला माझ्यापुढे धरली.